हत्यार खाली ठेवण्याविषयी

गेल्या आश्विनात खंडेनवमीच्या सकाळी देवघरासमोरच्या पाटावर माझ्या आजोबांचा वाकस, त्यांच्याच दोन पटाश्या, दात झिजून आखूड झालेली करवत, वडिलांनी आपल्या पहिल्या पगारातून घेतलेला पान्ह्यांचा संच, आणि या साऱ्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी, मी दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेले बॅटरीवरचे ड्रिल, अशी मांडणी चालली असताना, झेंडूची माळ हातात धरून उभ्या असलेल्या माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, बॅटरी लावून ठेवायची की काढून?" उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. पूजेच्या पोथीत याचे विधान नव्हते, एवढेच त्याचे कारण नव्हते. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून आणि निवृत्तीनंतरची सारी सकाळ शांकरभाष्याच्या सान्निध्यात घालवूनही जो प्रश्न मला कधी नीट मांडता आला नव्हता, तोच त्या मुलाने पाच-सहा शब्दांत माझ्यापुढे ठेवला होता.

वाकसाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. वाकस खाली ठेवला की तो ठेवलेलाच असतो. त्याच्यात जे काही चालते ते माणसाच्या खांद्यातून आलेले असते आणि खांदा बाजूला झाला की लोखंड आणि लाकूड एवढेच उरते. पण ज्या हत्याराच्या मुठीत शक्तीचा साठा दडलेला आहे, खटक्यावर बोटाचा नुसता भार पडला तरी जे फिरू लागते, ते पाटावर ठेवले म्हणजे खरोखर खाली ठेवले असे म्हणता येईल काय? आणि जे पुरते खाली ठेवता येत नाही ते साधन मानावे, की साधनाच्या पलीकडचे काही?

माझे आजोबा दक्षिण कोकणातल्या एका गावी सुतारकी करीत. त्यांच्याकडे भोक पाडण्यासाठी सामता असे. आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल म्हणून सांगतो: हातभर उंचीचा गोल लाकडी दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पोलादी पाते, वरच्या टोकावर तळव्याला बोचू नये म्हणून नारळाच्या करवंटीची टोपी, आणि मध्ये दांड्याला एक वेढा देऊन कमानीला ताणून बांधलेली दोरी. डाव्या हाताने टोपी दाबून धरायची आणि उजव्या हाताने कमान पुढेमागे ओढायची, म्हणजे दांडा एकदा सुलटा आणि एकदा उलटा फिरे आणि पात्याच्या भोवती पिवळसर भुसा चढत जाई. दोरी सैल पडली तर ती दांड्यावरून घसरे. फार ताणली तर दांडा अडे. आणि फणसाच्या जुन्या लाकडात गाठ लागली की आजोबा थांबत, कमान मांडीवर ठेवत, टोपीखालचा तळवा उघडून पाहत, आणि मग दिशा थोडी बदलून पुन्हा सुरुवात करीत. यज्ञासाठी अरणीतून अग्नी काढण्याची रीतही मुळात हीच. श्वेताश्वतर उपनिषदाच्या ऋषीला देह ही खालची अरणी आणि प्रणव ही वरची अरणी असे रूपक सुचले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असेच काही घुसळणे, असाच काही दमलेला तळवा असला पाहिजे.

त्या सामत्याच्या दोरीतून माणसाची स्वतःची शक्ती वाहत असे. पुढे दुसरी दोरी आली, ती विजेची. श्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने १८९५ साली हातात धरण्याजोगे विजेचे ड्रिल तयार केले, आणि १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांनी पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळवले. आज आपण जे हातात धरतो त्याचा आकार तेव्हापासून फारसा बदललेला नाही. या दुसऱ्या दोरीतून परक्याची शक्ती येत असे, परंतु ती डोळ्यांना दिसत असे. हत्यार भिंतीला बांधलेले आहे, त्याचा अंमल वायरीच्या लांबीएवढाच आहे, आणि भिंतीवरचे बटण बंद केले की त्याची सत्ता संपली, हे कोणालाही उमगत असे. १९६१ साली ब्लॅक अँड डेकरनेच निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणून तीही दोरी कापली. आणि नंतर, १९७१ साली, अपोलो १५ च्या यात्रेत बॅटरीवरचे ड्रिल चंद्राच्या पृष्ठभागातही उतरले. त्या प्रसंगी रुतून बसलेला नमुन्याचा नळा उपसताना यंत्राने हात टेकले आणि अखेर दोघा अंतराळवीरांना तो खांद्याच्या जोराने बाहेर काढावा लागला, ही हकीकत मला फार मोलाची वाटते. पुढे लिथियम-आयन सेल आली, १९९१ पासून कॅमेऱ्यांत आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुताराच्या पिशवीत. आणि आता तिसरी दोरी अशी उरलीच नाही, किंवा असली तर ती आपल्याला दिसत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. भाष्यकार इथे करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतात आणि चेष्टा म्हणजे प्राणवायूचे व्यापार. परंतु हीच पाच नावे आजोबांच्या पडवीला लावून पाहिली, तर ती चपखल बसत: पडवी हे अधिष्ठान, आजोबा हे कर्ता, सामता हे करण, कमानीचे पुढेमागे होणे ही चेष्टा, आणि लाकडाच्या पोटात कुठे गाठ निघेल ते दैव. बॅटरीवरच्या हत्याराने या वाटणीत गडबड केली आहे. चेष्टा कर्त्याच्या खात्यातून निघून करणाच्या खात्यावर जमा झाली. जो पूर्वी हाताखालचा गडी होता तो आता मुखत्यार झाला. आपण फक्त खटका दाबून त्याच्या मुखत्यारपत्रावर सही करतो आणि पुढचा सारा व्यवहार तो आपल्या नावावर करून टाकतो. तरीही कायद्याचा आणि धर्माचा दोन्हींचा दंडक असा, की मुखत्याराने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी मुखत्यारपत्र देणाऱ्यावरच येते.

हा मुखत्यार कोणाच्या भांडवलावर चालतो याचाही हिशेब एकदा मांडला पाहिजे, कारण तो मांडल्यापासून मी त्या बॅटरीकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकलेलो नाही. १८ व्होल्टची ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८ गुणिले ४, अर्थात ७२ वॅट-अवर. धडधाकट माणूस दिवसभर सातत्याने अंगमेहनत करू लागला तर त्याच्या शरीरातून निघणारी शक्ती सुमारे ७५ वॅट धरतात. म्हणजे माझ्या तळहातात मावणाऱ्या त्या काळ्या ठोकळ्यात एका गड्याची जवळजवळ तासाभराची मेहनत कोंडलेली आहे. आणि ती भरण्यासाठी मला विजेच्या एका युनिटाचा साधारण चौदावा हिस्सा, चार्जरमधली घट धरून थोडा अधिक, म्हणजे रुपयाच्या आतच खर्च येतो. माझ्या आजोबांच्या कपाळावरचा तासाभराचा घाम रुपयाच्या आत! तो घाम विश्वातून नाहीसा झाला असे मात्र नव्हे. त्याचा काही भाग चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशात आहे, काही कोयनेच्या अडवलेल्या पाण्यात आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आहे. आणि अशा पुष्कळ सेलमध्ये जे कोबाल्ट असते त्याचा मोठा वाटा ज्या काँगो देशातून येतो, तिथे यंत्राने चालणाऱ्या प्रचंड खाणींच्या जोडीला हाताने खणणारी माणसेही आहेत. माझ्या मनगटाचे कष्ट वाचावेत म्हणून कुठेतरी दुसऱ्या कोणाचे मनगट फावड्यावर झिजत असेल, तर हा व्यवहार पापाचा आहे असा निवाडा देण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. पण तो व्यवहार आहे, आणि त्यात समोरच्या बाजूला कोणीतरी आहे, हे विसरणे मला अधर्माचे वाटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर श्रमाचे स्तोत्र गाणाऱ्यांच्या मेळ्यात माझी गणना होईल. श्रमाचे माहात्म्य आपल्याकडे बहुधा अशांनी सांगितले की ज्यांना तो करावा लागत नव्हता. आजोबांचा उजवा खांदा पंचावन्नाव्या वर्षी असा धरला, की जेवताना घास तोंडाशी नेण्यासाठी त्यांना मान खाली न्यावी लागे. रात्री आजी वाळूच्या पुरचुंडीने त्यांचा खांदा शेकत असे, त्या वेळी त्यांच्या तोंडून निघणारा आवाज ज्याने ऐकला, तो सामत्याच्या आठवणीने गहिवरेल. पण पुन्हा कोणाच्या हाती सामता द्यावा असे म्हणणार नाही. माझी धाकटी बहीण वैधव्यानंतर एकटी राहते. परसदाराच्या कडीचा निखळलेला स्क्रू बसवण्यासाठी तिला आठ-आठ दिवस कोणाची तरी मनधरणी करावी लागे. मी तिला १२ व्होल्टचे, वजनाने किलोभराच्या आसपासचे छोटे ड्रिल नेऊन दिले, अर्धा तास शिकवले, आणि पुढच्या महिन्यात तिचा निरोप आला की स्वयंपाकघरातली फळी तिने स्वतः लावली आहे आणि ती गुण्यात आहे. त्या "गुण्यात आहे" या दोन शब्दांत जो आत्मसन्मान होता, तो कोणत्याही प्रवचनाने तिला मिळाला नसता. गांधीजींनीही यंत्रांच्या वेडाला विरोध करताना १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद मोकळ्या मनाने केला होता, आणि त्याचे कारण हेच होते, की त्या यंत्राच्या मुळाशी एका माणसाला दुसऱ्याच्या कष्टांची आलेली कणव होती.

तर मग अडचण कुठे आहे? ती मला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या एका लहानशा सूत्रापाशी सापडली. त्या पादात आधी जीव हा कर्ता आहे असे सिद्ध केले आहे, कारण तो कर्ता नसेल तर 'हे कर, हे करू नको' असे सांगणाऱ्या शास्त्राला काही अर्थच उरत नाही. आणि मग एका सूत्रात, सुतारासारखा दोन्ही प्रकारे, असा दृष्टान्त येतो. शंकराचार्य त्याचा उलगडा असा करतात: सुतार हातात वाकस वगैरे हत्यारे घेतलेला असतो तोपर्यंत तो कर्ता असतो आणि कष्टी असतो, तोच घरी येऊन, हत्यारे बाजूला ठेवून, निवांत बसला की सुखी होतो. त्याचप्रमाणे जागृतीत व स्वप्नात मन-इंद्रियांची हत्यारे हाती असताना आत्मा कर्ता व दुःखी, आणि ती गळून पडलेल्या गाढ निद्रेत तोच स्वस्थ. उपनिषदांतल्या राजांच्या आणि ब्राह्मणांच्या मांदियाळीत संध्याकाळी घरी परतणारा हा अनाम सुतार आचार्यांना हवासा वाटला, याचा सुताराचा नातू म्हणून मला अभिमान आहे. पण आचार्य तिथेच थांबत नाहीत. दृष्टान्त कुठवर न्यायचा याची मर्यादाही ते स्वतःच घालतात: सुताराला हात आहेत, त्या हातांनी तो वाकस उचलतो आणि ठेवतो; आत्मा निरवयव आहे, मन आणि इंद्रिये उचलण्यासाठी किंवा खाली ठेवण्यासाठी त्याला असे हात नाहीत.

हे वाक्य मी अनेक वर्षे केवळ तार्किक दक्षता म्हणून वाचत आलो. आता मला त्यात फार मोठी करुणा दिसते. मन हे हत्यार आपल्याला हवे तेव्हा खाली ठेवता येत नाही. डोळा, कान, वाणी यांना ठेवण्यासाठी कोनाडा नाही. जी थोडी हत्यारे आपल्याला खरोखरच खाली ठेवता येतात ती हीच: वाकस, पटाशी, लेखणी, ड्रिल. खाली ठेवणे म्हणजे काय, त्यानंतर येणारी स्वस्थता कशी असते, याचा पहिला धडा माणसाला बाहेरच्या हत्यारांपाशीच गिरवता येतो. म्हणूनच ज्या हत्याराचे खाली ठेवणे संदिग्ध झाले आहे, त्याच्याविषयी मला चिंता वाटते.

आजोबांच्या काळी हे खाली ठेवणे त्यांचा थकवाच त्यांच्याकडून करवून घेत असे. सामता शंभर वेळा ओढला की हात आपोआप थांबे, आणि त्या थांबण्यात डोळा पुढे होऊन पाही: भोक सरळ जाते आहे ना, खूण चुकली तर नाही ना, हे भोक पाडण्याची खरोखर गरज आहे ना. थकवा हा विवेकाचा जुना हुजऱ्या होता. तो दर थोड्या वेळाने येऊन धन्याला जागे करी. बॅटरीचे हत्यार थकत नाही. ते आपले कर्तेपण काढून घेते अशी तक्रार पुष्कळ लोक करतात, ती मला मान्य नाही. काढून घेते ती उसंत, ज्या उसंतीत आपण काय करतो आहोत हे कर्ता स्वतःला विचारीत असे.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. पुस्तकांच्या कपाटाचे काम चालू होते, आणि मनाजोगे चालले होते, म्हणजे मी तासभर थांबलो नव्हतो. भोक पाडण्याचे बिट काढून स्क्रू पिळण्याचे बिट बसवण्यासाठी मी ड्रिल मांडीशी धरले, डाव्या हाताच्या मुठीत चक पकडला, आणि उजव्या हाताचे बोट मात्र सवयीने खटक्यावर तसेच राहिले. बॅटरी काढली नव्हती. दिशेचे बटण मधल्या, बंद खाचेत सरकवले नव्हते. पुढच्या क्षणी चक फिरला आणि अंगठ्याच्या मुळाशी बिटाच्या धारेने एक खोल चीर गेली. रक्त पुसताना वेदनेपेक्षा मला आश्चर्य अधिक वाटत होते, कारण मी काहीही केले नव्हते असे मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होते. 'मी केले नाही' हे वाक्य वेदान्ती ज्या अर्थाने उच्चारतो त्याच्या नेमके उलट अर्थाने मी त्या दिवशी उच्चारले: अकर्ता म्हणून नव्हे, तर गाफील कर्ता म्हणून.

तेव्हापासून बिट किंवा पाते बदलताना आधी बॅटरी काढायची हा माझा नेम आहे. दोन्ही बाजूंच्या कळा अंगठ्याने व बोटाने दाबायच्या, बॅटरी सरकवून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायची, आणि मगच चकाला हात लावायचा. संध्येच्या आचमनाला जेवढा वेळ लागतो तेवढाच याला लागतो. काँक्रीटच्या खांबात आणि साध्या विटेच्या भिंतीत फरक असतो, जांभ्याचा चिरा तर आणखी निराळा. हे भोक सुरू करण्यापूर्वी भिंतीवर बोटांनी ठोकून, कान लावून ओळखायचे. फरशीवर ठोक्याची कळ बंद ठेवायची, चकाकी फुटेपर्यंत हळू जायचे, आणि भोक खोल जात असताना एक-दोनदा बिट बाहेर काढून भुकटी झटकायची. स्क्रूसाठी चकामागच्या आकड्यांच्या कड्यावर लहान आकड्यापासून सुरुवात करायची, म्हणजे स्क्रू बसला की क्लच टर्रर्र आवाज करून सुटतो आणि हत्यार स्वतःच 'पुरे' म्हणते. आणि शेवटचा पाव वेढा साध्या हातच्या स्क्रू ड्रायव्हरने द्यायचा. या शेवटच्या पाव वेढ्याबद्दल आमच्याकडे काम करणारे सुतार मला दरवेळी म्हणतात, "सर, त्याची काही गरज नाही हो." व्यावहारिक दृष्ट्या त्यांचे खरे असेल. पण त्या पाव वेढ्यात लाकूड मनगटाशी बोलते, आणि ते बोलणे ऐकल्याशिवाय मला काम पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

वापराच्या आधी निवडीचा प्रश्न येतो, आणि तो अपरिग्रहाच्या व्रताशी इतका निकटचा आहे की दुकानाच्या काचेसमोर उभे राहून माणसाला आपल्या वैराग्याची परीक्षा घेता यावी. एकावर १८ व्होल्ट लिहिलेले असते, शेजारच्यावर २० व्होल्ट, आणि गिऱ्हाईक दोन व्होल्टच्या मोहात पडते. वस्तुतः दोहोंच्या पोटात पाच सेलची एकच ओळ असते. प्रत्येक सेलचा दाब नाममात्र ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते आणि नुकत्याच पूर्ण भरलेल्या सेलचा दाब चाराच्या वर धरला तर ती २० च्या पुढे जाते. रूप एकच, नाव निराळे. घरच्या कामाला ठोका असलेले एक ड्रिल, शक्यतो ज्यात कार्बनचे ब्रश नाहीत अशा मोटरीचे, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, आणि चांगल्या पोलादाची मोजकी बिटे एवढ्यावर वर्षानुवर्षे निभाव लागतो. ज्याला लांब स्क्रू रोज पिळायचे आहेत त्या कारागिराने इम्पॅक्ट ड्रायव्हर जरूर घ्यावा, कारण तो आतल्या घणाचे ठोके देत वळण देतो आणि मनगटाला मागे हिसका बसत नाही. घरमालकाने घेऊ नये, भुशाच्या दाबलेल्या फळ्यांत तो क्षणात स्क्रूची जागा खाऊन टाकतो. काँक्रीटच्या तुळईला भोक पाडायचे असेल तर त्यासाठी असलेले जड रोटरी हॅमर एका दिवसापुरते भाड्याने आणावे. आणि ग्राइंडर, ज्याच्या चकतीवरचे संरक्षक कडे काढून टाकून काम करणारे हात आपण रस्तोरस्ती पाहतो, ते ज्याला रोज लागत नाही त्याने घरात ठेवूच नये असे माझे ठाम मत आहे.

खरी गाठ पडते ती पहिल्या बॅटरीशी. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्याराला बसत नाही. म्हणून जो पहिले ड्रिल घेतो तो नकळत एक कबुलायत लिहून देत असतो, की यापुढे करवत, रंधा, पाण्याचा पंप, अंगणातला पंखा, सारे याच घराण्यातले घेईन. मग बॅटरी आहेच तर तिला साजेसे आणखी एक हत्यार घ्यावे, आणि हत्यारे वाढली तर आणखी एक बॅटरी घ्यावी, असे हे चक्र चालते. मेटाबो या जर्मन कंपनीच्या पुढाकाराने २०१८ पासून काही उत्पादकांनी सामाईक बॅटरी वापरण्याचा करार केला, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. दोरी तुटली म्हणून आपण मुक्त झालो असे ज्याला वाटते, त्याने आपल्या कपाटातल्या चार्जरांची गणती करावी.

हत्यार निवडण्याची कसोटी कशी असावी हे शोधताना मला अनपेक्षित ठिकाणी आधार मिळाला. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा घातलेल्या अटी अशा होत्या, की तो चरखा झोपडीत हाताने वा पायाने चालावा, स्त्रीला न थकता आठ तास चालवता यावा, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, नीट निगा राखल्यास तो वीस वर्षे टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचावर जाऊ नये. किती विचारपूर्वक घातलेल्या अटी आहेत या! हत्याराची शक्ती किती, वेग किती, असे त्यात पहिल्याने विचारलेले नाही. ते कोणाच्या हाती जाणार, त्या हाताला किती शीण होणार, आणि ते किती वर्षे सोबत करणार, असे विचारले आहे. आजचे बॅटरीचे हत्यार यातल्या पहिल्या अटी उत्तम प्रकारे पुऱ्या करते आणि टिकण्याच्या अटीपाशी अडखळते. कारण मोटर शाबूत असते, मूठ शाबूत असते, आणि बॅटरी मात्र काही वर्षांत म्हातारी होते. तिला विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत सोडू नये, तापलेली असताना चार्जरला लावू नये, पार रिकामी करून किंवा काठोकाठ भरून महिनोन्‌महिने ठेवू नये, अर्धवट भरून थंड जागी ठेवावी. आणि ती मेली तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नये, कारण दबलेली लिथियमची सेल पेट घेते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती त्यांनी पार पाडावी असा आग्रह आपण धरला पाहिजे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याच्या सूक्तात कवी विचारतो, की ही द्यावापृथिवी घडवताना तो कुठे उभा होता, आणि ज्यातून ती तासली ते कोणते रान, कोणते झाड होते. अधिष्ठानाविषयी विचारले, लाकडाविषयी विचारले; हत्यार कोणते होते हे मात्र त्याने विचारलेले नाही. त्याला दिसले ते विश्वकर्म्याचे बाहू आणि पंख. मी हे सूक्त मुलांना कितीदा तरी शिकवले असेल, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती अंगठ्याला पट्टी बांधलेली असताना.

नातू अजून उत्तराची वाट पाहत उभा होता. मी त्याला म्हटले, "काढून ठेव, बाळ." त्याने ड्रिल उचलले, दोन्ही कळा दाबून बॅटरी ओढून काढली, आणि ड्रिल वाकसाच्या शेजारी आडवे ठेवले. बॅटरी कुठे ठेवावी हे त्याला क्षणभर कळेना. कोळशाविषयी, कोयनेविषयी, दूरदेशच्या त्या मातीखालच्या हातांविषयी मी त्याला कधी काही बोललो नव्हतो. त्याने पाटावरची फुले थोडी सरकवून जागा केली, बॅटरी तिथे निराळी मांडली, आणि वाकसाला, करवतीला, पान्ह्यांना, ड्रिलला लावीत लावीत तिच्यापाशी आल्यावर तिलाही वेगळे हळदकुंकू लावले.